वाया गेलेले फोटो

३ तारीख, मंगळवार

बेटावर पोचलो. बोटीतून जे उतरलं ते मी नव्हतो, माझे कपडे होते. पोटातलं सगळं अडीच तासांत समुद्राला वाहून झालं होतं. बोटवाला म्हणाला, "आज तर समुद्र शांत होता." 

सव्वीस वर्षं मी चेहऱ्यांचे फोटो काढले. ओळखपत्राचे, पासाचे, नोकरीच्या अर्जाचे. मागे पांढरा पडदा, समोर स्टूल, आणि तोंडात तेच ते: हनुवटी जरा वर, कान दिसू द्या, हसू नका. माझ्यातला कलावंत त्या पडद्यामागे गुदमरून मरणार असं मी धरूनच चाललो होतो. पण कधी कुणाचं भाग्य उघडेल सांगता येत नाही. किनारा कार्यालयाला या बेटाच्या निसर्गाचे फोटो हवे आहेत, आणि तिथे साहेब असलेल्या माझ्या मेहुण्याने माझं नाव सुचवलं. अट एकच. फोटोत माणूस नको, घर नको, धूर नको, दोरीवरचे कपडे नकोत. निखळ निसर्ग. सरकारी कार्यालयात इतकी सुसंस्कृत नजर असेल असं मला वाटलं नव्हतं. मेहुण्याबद्दलही माझं मत आजवर वेगळं होतं (आळशी, फाजील शहाणा, खुर्चीत बसून बसून खुर्चीसारखाच झालेला). ते आता तपासून पाहायला हवं.

बायको मात्र म्हणाली, "माझ्या भावाला निसर्ग कधीपासून आवडायला लागला? घरातल्या कुंडीला तो पाणी घालत नाही." तिला कलेतलं कळत नाही. निघताना तिने माझ्या पिशवीत दुकानातला छोटा प्रिंटर कोंबला. म्हटलं, अगं, तिथे काय पासाचे फोटो काढायचेत? म्हणाली, "असू द्या, काही खायला मागत नाही तो."

दुकानातली सवय इथेही मोडणार नाही. प्रत्येक फोटोची तारीख, वेळ, आणि वाया गेला तर कारण, सगळं या वहीत. दुकानात कारणं असतात 'डोळे मिटले', 'शिंकला'. वाया गेलेला फोटो मी पुसतही नाही, कारण गिऱ्हाईक चार दिवसांनी भांडायला येतं तेव्हा तोच दाखवावा लागतो.

४ तारीख, बुधवार

वारा. पाऊस आडवा येतो, खालून वर येतो, फक्त वरून खाली येत नाही. स्टँड दोनदा आडवा झाला. शेवटी त्याला दगडांची पिशवी टांगली आणि कॅमेऱ्यावर प्लास्टिक बांधलं. काच पुसून डोळा लावेपर्यंत काचेवर पुन्हा खारं पाणी. चौदा फोटो, चौदाही वाया.

फोटो ५, सकाळी नऊ चाळीस. जागा दक्षिणेचा कडा. खाली फेस, वर धावते ढग. वाया, कारण मधोमध एक म्हातारा बाकावर बसलेला.

हे इथले दिवेवाले आजोबा. टेकडीवरचा दिवा एकतीस वर्षं त्यांनी पेटवला. आता तो आपोआप पेटतो. आजोबा तरीही रोज सकाळी त्या बाकावर येऊन बसतात आणि जाणाऱ्या बोटी मोजतात.

म्हटलं, "आजोबा, जरा बाजूला होता का?"

"किती वेळ?"

"ते उजेडावर आहे."

"मग तुम्हीच बसा शेजारी," ते म्हणाले. "इथे उजेडाची वाट उभ्याने बघत नाहीत."

बसलो. उजेड आला नाही.

फोटो ११ वाया, कारण शेळी. फोटो १२ वाया, तीच शेळी.

६ तारीख, शुक्रवार

आजची बोट आली नाही. मंगळवार-शुक्रवार येते म्हणतात, म्हणजे समुद्राच्या मनात असलं तर.

मी मावशींकडे उतरलो आहे. मावशी म्हणजे घरमालकीण. नवरा गेल्यापासून वरची खोली पाहुण्यांना देतात. पाहुणा मी पहिलाच. रोज रात्री माशांचं कालवण असतं, इतकं खारट की समुद्रच पातेल्यात उतरवल्यासारखं. मी मुकाट्याने खातो. मावशी बोलायला लागल्या की थांबत नाहीत, आणि तोंड भरलेलं असलं की मला उत्तर द्यावं लागत नाही.

फोटो १९ ते २६ वाया, कारण मावशींच्या चादरी. आठही फोटोंत निळ्या फुलांची एक चादर वाऱ्यावर आडवी झालेली. मावशींना सांगितलं तर त्यांनी बाईंना सांगितलं. बाई म्हणजे इथल्या शाळेच्या मास्तरीण. सहा पोरांची शाळा, पण अख्खं बेट त्यांच्या शब्दाबाहेर जात नाही. त्यांनी संध्याकाळी वर्गात सगळ्यांना बोलावलं आणि मला उभं केलं. मी कलेवर थोडं बोललो. निखळ निसर्ग म्हणजे काय ते सांगितलं. लोक मन लावून ऐकत होते.

बाईंनी एकच विचारलं, "पण माणसं का नकोत हो?"

म्हटलं, कार्यालयाची दृष्टी तशी आहे.

मागून मावशी म्हणाल्या, "इतक्या वर्षांत फोटो काढायला एक माणूस आला, आणि त्याला नेमके आम्हीच नको."

सगळे हसले. मग ठराव झाला. परवा सकाळी दहा ते बारा कुणी घराबाहेर पडायचं नाही, चूल पेटवायची नाही, दोरीवर काही टाकायचं नाही, नावा खडकामागे ओढून ठेवायच्या, शेळी बांधायची. बेटावर एकेचाळीस माणसं आहेत. एकेचाळीस हात वर झाले. मला अगदी भरून आलं.

८ तारीख, रविवार

आजचा दिवस मी मरेपर्यंत विसरणार नाही.

दहाच्या ठोक्याला बेट रिकामं. ना धूर, ना आवाज. रात्रीच्या पावसाने धुतलेले खडक, वाऱ्याने झोपवलेलं गवत, आणि ढगांतून तिरपा पडलेला एकच उजेड. जणू इथे कधीच कुणी राहिलं नव्हतं. अंगावर काटा आला. एकोणीस फोटो, एकही वाया नाही. सव्वीस वर्षांत मला असा हात लागला नव्हता. दक्षिणेच्या कड्याचा फोटो तर कार्यालयाच्या दालनात मोठा करून लावण्याच्या लायकीचा आहे. आजोबांचा बाकही मी आधीच गवतात आडवा घातला होता.

बारा वाजता परतताना आजोबांच्या खिडकीत ते दिसले. टोपी घालून, काठी हातात धरून बसले होते. "झालं का?" म्हणाले. हो म्हटल्यावर लगेच उठले. "दोन तासांच्या बोटी मोजायच्या राहिल्या," म्हणाले. गेल्यावर बाक त्यांनी एकट्यानेच उभा केला असावा. माझ्या लक्षात राहिलं नाही.

१० तारीख, मंगळवार

दोन सरींच्या मधल्या फटीतून बोट आली. बोटवाल्याच्या हाती एकोणीस फोटोंच्या प्रती मेहुण्याकडे पाठवल्या.

त्याच बोटीने बाईंना कार्यालयाचं पत्र आलं. त्यांनी ते ओट्यावर उभं राहून वाचलं आणि मग खाली बसल्या. कार्यालयाच्या माहितीनुसार हे बेट जवळजवळ निर्जन आहे. इथे बारमाही राहणारी किमान चाळीस माणसं असल्याचं चोवीस तारखेपर्यंत फोटोसकट अर्जांनी दाखवलं नाही, तर बोट कायमची बंद. बोट बंद म्हणजे दवाखाना नाही, पीठ नाही, टपाल नाही. म्हणजे बेटच बंद.

बाई मला म्हणाल्या, "तुम्ही काढाल ना फोटो आमचे? पासाचे लागतात तसे, पांढऱ्या पडद्यासमोर."

मला वाईट वाटलं. पण एवढ्यातच तर मी त्या पडद्यातून सुटलो आहे. म्हटलं, सध्या माझं काम निराळं आहे, बघू.

सरकारी गलथानपणाही काय असतो. एका साहेबाला माणसाशिवायचे फोटो हवेत, दुसऱ्याला फक्त माणसांचे. एकाच इमारतीत बसतात, एकमेकांशी दोन शब्द बोलायला यांचं काय जातं?

११ तारीख, बुधवार

फोन फक्त दिव्याच्या टेकडीवर लागतो. वाऱ्याकडे पाठ करून खांबाला धरून उभं राहावं लागतं. बायकोला सगळं सांगितलं. रिकाम्या बेटाचं, ठरावाचं, पत्राचं. 

ती म्हणाली, "पत्रावर सही कुणाची आहे?"

"मी कशाला सही बघू?"

"बघा जाऊन. आणि तुमचे ते एकोणीस फोटो कुठल्या फायलीला लावले, तेवढंही विचारा."

काहीतरी संशय घेत बसायची तिला सवयच आहे. तरी उतरताना शाळेवरून गेलो. सही मेहुण्याची आहे. बरं, त्याच्या खात्याचंच पत्र म्हटल्यावर सही त्याचीच असणार. त्यात काय एवढं?

१२ तारीख, गुरुवार

मेहुण्याला फोन केला. तो फार खूश होता.

"भाऊजी, कमाल केलीत. एकसुद्धा माणूस नाही! मोठे साहेब म्हणाले, असा पुरावा आजवर कुणी आणला नव्हता. फायलीत पहिल्याच पानावर लावलेत."

"कसली फाईल?"

"बोट बंद करायची. अहो, चाळीस डोक्यांसाठी एवढी मोठी बोट पोसायची म्हणजे काय? त्यांना किनाऱ्यावर खोल्या देणार आहोत. त्यांचंच भलं आहे."

"आणि ते दालनात मोठे करून लावायचं?"

"कुणी म्हटलं असं?"

कुणीच म्हटलं नव्हतं. मीच मनात लावले होते.

टेकडीवरून खाली यायला मला एरवी दहा मिनिटं लागतात, आज तासभर लागला. त्या लोकांनी स्वतःच्या हाताने चुली विझवल्या, नावा लपवल्या. सांगितलं मी. आणि सांगणाऱ्याला कशासाठी सांगतोय ते ठाऊक नव्हतं, असं कुणाला सांगायला गेलं तर तो हसेल. मला स्वतःची लाज वाटते आहे. मेहुण्याला शिव्या द्याव्यात तर आपलेच दात, आपलेच ओठ. तरी दोन दिल्या, मनातल्या मनात. लिहायचीच तर एक लिहितो: त्या माणसाला काळीज नाही, शिक्का आहे.

मावशींनी विचारलं, "कालवण कसं झालंय?" छान म्हटलं. खारटच होतं.

१३ तारीख, शुक्रवार

सकाळी बाईंना जाऊन सगळं सांगितलं. वर्गात पोरं होती म्हणून त्यांना ओरडता आलं नाही. खडू ठेवला, हात झटकले आणि म्हणाल्या, "झालं ते झालं. पडदा कधी लावताय?"

पडद्यासाठी मावशींनी पांढरी चादर दिली. घरात उजेड नाही, वर्गाच्या भिंती हिरव्या, नियम पांढऱ्याचा. म्हणून अंगणात दोन बांबूंना चादर बांधली. पहिलं डोकं मावशींचंच. "हनुवटी जरा वर" म्हणतोय तोवर बांबूंसकट चादर उडाली ती सरळ समुद्रावर. वाया, कारण पडदा परदेशी गेला.

बोट आज नाही.

१४ तारीख, शनिवार

पहाटे वारा पडला आणि धुकं आलं. बाहेर पाहिलं तर जग पुसलेलं. कडा नाही, समुद्र नाही, आकाश नाही, फक्त पांढरं. आधी वैतागलो. मग दारातून बाहेर पडणाऱ्या मावशींकडे पाहिलं आणि तसाच उभा राहिलो. डोक्याच्या मागे डाग नाही, सावली नाही, सुरकुती नाही. सव्वीस वर्षं धुऊन, इस्त्री करून असा पडदा मला जमला नव्हता.

आजोबांचा बाक कड्यावरून थोडा अलीकडे आणला. एकेक जण येऊन बसला. आजोबा टोपी काढेनात. "एकतीस वर्षांत वाऱ्याने काढली नाही, तुम्ही काढणार?" म्हटलं, कान दिसायला हवेत, नाहीतर चाळीसच राहतील आणि कुणा एकाला ताप आला की एकोणचाळीस. तेव्हा काढली. डोकं कपाळापर्यंत तांबूस आणि वर पांढरंफटक होतं. आजोबा लाजले.

एकेचाळीस फोटो, एकही वाया नाही. छोट्या प्रिंटरवर दुपारपर्यंत छापून झाले. बायकोला हे सांगायचं नाही असं ठरवलं आहे. मग टेकडीवर जाऊन सांगितलं. ती म्हणाली, "बरं झालं, कुणीतरी तो कोंबला होता."

१७ तारीख, मंगळवार

अर्ज बोटीने गेले. बाईंनी पाकिटाला तीन ठिकाणी डिंक लावला.

२० तारीख, शुक्रवार

अर्ज परत आले. सरकारी काम तीन दिवसांत झालेलं मी जन्मात पाहिलं नव्हतं, तेही पाहिलं. शेरा असा: 'फोटोंची पार्श्वभूमी नियमानुसार पांढरी असल्याने सदर व्यक्तींचे फोटो बेटावरच काढल्याचे सिद्ध होत नाही. उलटपक्षी, बेट निर्जन असल्याचे एकोणीस छायाचित्रांवरून स्पष्ट आहे. या व्यक्ती बेटावर राहत असल्याची त्या त्या दिवशी केलेली लेखी नोंद असल्यास मूळ प्रतीत सादर करावी.'

सही, अर्थातच.

मावशींनी शेरा दोनदा वाचून घेतला. मग म्हणाल्या, "पांढऱ्यासमोर काढले तर बेट दिसत नाही. बेट काढलं तर आम्ही दिसत नाही. आम्ही राहायचं तरी कुठे?"



२१ तारीख, शनिवार

दिवसभर पाऊस. खोलीत बसून वाया गेलेले फोटो बघत होतो. मी पुसत नाही ना. आजोबा बाकावर. आजोबा बाकावर, पाठमोरे. निळ्या फुलांची चादर, मागे दिवा. बाई सहा पोरांना वाऱ्यातून ओढत नेताना. शेळी, कुणाच्या तरी हातातल्या दोरीसह. त्र्याहत्तर वाया गेलेले फोटो, आणि प्रत्येकात कुणी ना कुणी आपल्या कामाला चाललेलं. खरं तर दोन-तीन वाईट नाहीत.

आणि प्रत्येकाची तारीख, वेळ, कारण या वहीत.

काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात तो हाच. लेखी नोंद हवी, त्या त्या दिवशीची हवी, मूळ प्रत हवी. म्हणजे ही वही. अख्खी.

अख्खी म्हणजे मेहुणा खुर्चीसारखा झाला आहे, हे पानसुद्धा. मावशींचं कालवण, माझी ओकारी, माझ्यातला गुदमरलेला कलावंत, सगळं. आणि सहा तारखेचं पान. रिकामं बेट कुणी, कसं, किती वाजता रिकामं केलं ते. ते पान कार्यालयात गेलं की आयुष्यातले माझे सर्वांत चांगले एकोणीस फोटो खोटे ठरतात, माझ्याच अक्षरात. दुपारी बाईंना दाखवली तर म्हणाल्या, नकोशी पानं फाडून द्यायची का? पण फाटलेली वही कोण खरी मानेल? तो शेरा मारणारा तर नाहीच.

रिकाम्या कड्याचा फोटो पुन्हा एकदा उघडून बघितला. फार सुंदर आहे. तसा पुन्हा माझ्या हातून होणार नाही. बघून झाल्यावर बाईंकडे गेलो आणि हो म्हणून आलो.

२३ तारीख, सोमवार

लोकांची नावनिशी जात असताना आपण काय लिहिलंय ते त्यांना कळायला हवं, म्हणून वर्गात वही वाचून दाखवली. सहा तारखेपर्यंत आलो. खारटपणाचं वाक्य गाळायचा विचार होता, पण बाई शेजारून पानावर बोट ठेवून होत्या.

वाचलं. मावशी गंभीर झाल्या.

"खारट तर खारट," त्या म्हणाल्या. "पण मी केलं असं लिहिलंय ना? रोज रात्री?"

"रोज रात्री."

"तारीख आहे?"

"आहे."

"मग राहू द्या."

आजोबांनी एवढंच विचारलं, की त्या रविवारी दोन तास ते खिडकीत होते, बाकावर नव्हते, ते धरणार की नाही. धरणार म्हटलं.

उद्या शेवटची तारीख. वारा वाढला आहे. बोटवाला फोनवर म्हणाला, "नेतो, पण पोटात काही ठेवू नका." कालवण तरीही दोन वाट्या खाल्लं.

ही वही उद्या मोठ्या साहेबांच्या हातात देणार, आणि त्यांच्या आधी ती कुणी कारकून वाचणार. त्या कारकुनाला विनंती, की मेहुण्याबद्दलचा मजकूर घरगुती समजावा. बायकोला काल विचारलं, तुझ्या भावाची नोकरी अडचणीत आली तर? ती म्हणाली, "तो खुर्चीला चिकटलेला आहे, पडला तर दोघं एकदम पडतील. तुम्ही वही द्या."

नवी वही. पुढच्या महिन्याची १६ तारीख, बुधवार

जुनी वही आज टपालाने परत आली. प्रत्येक पानावर 'तपासले' असा जांभळा शिक्का, वाया गेलेल्या शेळीवरसुद्धा. सोबत पत्र: बेट वसलेले असल्याचे मान्य, बोट पुढील आदेशापर्यंत चालू. एकोणीस छायाचित्रे 'विश्वासार्ह नाहीत' म्हणून फायलीतून काढली. ती परत पाठवलेली नाहीत. मेहुणा आहे तिथेच आहे. काल घरी जेवायला आला होता, माझ्याशी बोलला नाही, जेवला मात्र पोटभर.

वही चाळताना पहिल्याच पानावर थांबलो. 'आळशी, फाजील शहाणा' या ओळीशेजारी कुणीतरी पेन्सिलीने अगदी बारीक लिहिलं आहे: सहमत. पुढे काळजाऐवजी शिक्का आहे, तिथे पुन्हा: सहमत. बायकोला दाखवलं. ती सकाळभर स्टुलावर बसून हसत होती, गिऱ्हाइकांना वाटलं हसून फोटो चालतो.

टपालाबरोबर कालच्या बोटीने आलेली एक बरणीही होती, तोंडाला निळ्या फुलांचं फडकं बांधलेली. आत चिठ्ठी, बाईंच्या अक्षरात, मावशींच्या शब्दांत: 'या खेपेला मीठ बेताचं घातलंय. खाऊन कळवा.'

दुकान बंद करून दोघांनी चाखलं. खारटच आहे. नोंद: सोळा तारीख, दुपारी एक वीस.